सभासदांची माहिती बाहेरच्या कंपनीकडे, जबाबदारी कोणाची?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे संगणकाचे काम बाहेरच्या कंपनीकडे आहे. सभासदांचे आधार, मोबाइल क्रमांक, ठेवींचे तपशील तिच्याच सर्व्हरवर असतात. हल्ली सभासदांना अनोळखी कर्जवाल्यांचे फोन येतात. दोष कोणाचा?
– व्यवस्थापक, सुलतानपूर (ता. लोणार, जि. बुलडाणा)

उत्तर : काम बाहेर देता येते, जबाबदारी नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ८ नुसार, करारात काहीही लिहिलेले असले तरी सभासदांना उत्तरदायी तुमची संस्थाच राहते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संस्थांवरची मुख्य बंधने मे २०२७ पासून लागू होतील. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३-ए आहेच. निष्काळजीपणामुळे नुकसान झाल्यास त्याखाली भरपाई मागता येते.

नुसत्या फोनवरून माहिती तुमच्याकडूनच फुटली असे सिद्ध होत नाही. म्हणून कंपनीला आधी लेखी विचारा : माहिती कोण पाहते, नोंदी कुठे आहेत, पुढे कोणाला दिली का? माहिती फुटल्याचे लक्षात आल्यास सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे.

करारनामा वकिलाकडून तपासून घ्या. माहितीचा दुसरा वापर करण्यास मनाई, गळती झाल्यास तत्काळ सूचना, तपासणीचा हक्क आणि करार संपताच माहिती परत करून पुसून टाकणे, ही चार कलमे त्यात हवीतच. सभासदाने ठेवीसोबत माहितीही विश्वासाने सोपवली आहे. ती ठेवीइतकीच जपा.