पाण्यात उताणे होण्याची विद्या

माझा पुतण्या जन्मतःच मेंदूच्या पक्षाघाताने डाव्या अंगाचा दुबळा. परंतु पाण्याची त्याला उपजत ओढ, म्हणून कर्जत तालुक्यातील एका खाजगी तलावावर त्याची शिकवणी लावली. शिक्षकाने कमरेत रबरी ट्यूब अडकवून, स्वतः काठावर उभे राहून, हातपाय मारण्याचा हुकूम सोडला. आणि पोराचे पाय वर येऊन डोके खाली गेले तेव्हा, जिच्यावर सर्वांची भिस्त होती ती ट्यूबच त्याला सुलटा होऊ देईना. माझ्या भावाने उडी घालून त्याला वर काढले. इजा झाली नाही. पण पुढे कित्येक महिने तोंडावर पाण्याचा शिंतोडा उडाला तरी त्याचे डावे मनगट छातीशी आखडून येई.

जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ पासून लंडनच्या हॅलिविक शाळेतील अपंग मुलींसाठी जी पद्धती सिद्ध केली, तिच्यात तरंगती साधने वर्ज्य असून प्रत्येक मुलाबरोबर एक जाणता माणूस पाण्यात असतो. आधी पाण्याचा सराव आणि पाण्यात फुंकून श्वास सोडणे, मग पालथे पडल्यास वळून उताणे होणे, आणि हे अंगवळणी पडल्यावरच हात मारणे, असा तिचा क्रम आहे. ज्याचे एक अंग आखडलेले, त्याचा देह पाण्यात एका बाजूस कलंडतो. तो सावरण्याची विद्या त्याला सर्वांआधी हवी, आणि ती ट्यूब शिकवीत नाही.

पालकांनी आणखी काही खबरदारी घ्यावी. गार पाण्यात आखडलेले स्नायू अधिकच ताठरतात, म्हणून पाणी कोमट असावे. फेफऱ्याचा विकार असल्यास वैद्यांच्या सल्ल्यावाचून मूल पाण्यात उतरवू नये, व उतरल्यावर हाताच्या अंतरावर माणूस असावा. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला मानेची तपासणी झाल्याखेरीज सूर मारू देऊ नये. पेज आणि पाताळगंगा या नद्यांना भिवपुरी व खोपोलीच्या वीजगृहांतून सुटलेले पाणी येते, त्यामुळे उन्हाळ्यातही त्यांचा प्रवाह एकाएकी वाढतो. कर्जत-खालापूरकरांनी शिकवणीसाठी त्यांचे डोह निवडू नयेत.

या भयाने मात्र पाणीच तोडू नये. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचेच सुवर्णपदक मिळवले. शिक्षक ठरवताना त्याला एवढेच विचारावे की, तुम्ही स्वतः मुलाबरोबर पाण्यात उतरणार काय; उत्तर नकाराचे आल्यास दुसरा शिक्षक शोधावा.