हापूसचं जीआय: नाव कोकणचं, पण पेटीवर कोणी लावायचं?



काढणी सुरू व्हायच्या आधी हे नीट वाचा.

ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. बऱ्याच जणांना वाटतं, बाग या जिल्ह्यांत आहे म्हणजे जीआय आपोआप आपलंच. तसं नाही. मानांकन चार संस्थांच्या नावे आहे: दापोलीचं कृषी विद्यापीठ, आणि देवगड, रत्नागिरी, केळशी इथल्या उत्पादकांच्या तीन संस्था. आपल्या पेटीवर ते लावायचं तर प्रत्येक बागायतदाराने *अधिकृत वापरकर्ता* म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. नोंद चेन्नईच्या जीआय कार्यालयात होते.

नुसतं झाड हापूसचं असून भागत नाही. कलमं इथून कर्नाटकात गेली, पार आफ्रिकेत मलावीला गेली. तिकडचा आंबा वाशीला येतो. जात तीच, पण आपला कातळ आणि खारा वारा काही कलमाबरोबर जात नाही. तो आंबा विकण्यात चूक नाही, त्याच्या गावाच्या नावाने खुशाल विकावा. चूक आहे ती 'रत्नागिरी', 'देवगड' छापलेल्या पेटीत भरून विकण्यात. १९९९ च्या जीआय कायद्यात खोटं मानांकन लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे.

आता आपल्याकडचं बोलू. उरलेले छापील बॉक्स विकत मागायला कोणी आलं तर *देऊ नका*. बॉक्समागे चार रुपये सुटतील, पण त्यात दुसऱ्याचा आंबा भरला गेला की नाव आपलं जातं. गिऱ्हाईक फसलं की ते दलालाला ओळखत नाही, पेटीवरचं नाव तेवढं लक्षात ठेवतं. तसंच ऑर्डर पाच डझनांची आणि माल चारच डझन असला, तर चारच पाठवा. बाहेरचा आंबा घालून पेटी पुरी करू नका. एकाने केलं तरी कंपनीची अख्खी गाडी संशयात येते.

नोंदणीची फी २०२० पासून फक्त १० रुपये आहे, तेव्हा पैशाचं कारण उरलेलं नाही. अर्ज जीआय-३ नमुन्यात असतो, तो कंपनीच्या कार्यालयात भरून देऊ. येताना सातबारा आणि आधार आणा. सातबारावर आंब्याची कलमं नोंदलेली आहेत का ते घरीच बघा. नसतील तर आधी ई-पीक पाहणी करून घ्या. सातबारा सामायिक असेल किंवा अजून आजोबांच्याच नावावर असेल (आपल्याकडे निम्म्यांचं तसंच आहे), तरी तो तसाच घेऊन या. कागद बघून मगच अर्ज भरू.