वाणीची साधना

सभेत बोलण्याची कला ही उपजत देणगी आहे व ती ज्याला लाभली नाही त्याने श्रोत्यांतच बसावे, असा समज पुष्कळांच्या मनात असतो. महात्मा गांधींच्या जीवनाकडे पाहिले म्हणजे हा समज टिकत नाही. ज्यांचे शब्द ऐकण्यासाठी पुढे लाखो लोक जमत, ते गांधीजी तरुणपणी चारचौघांत चार वाक्येही धड बोलू शकत नसत.

शाळा सुटली की कोणी आपल्याशी बोलेल, आपली थट्टा करील, या भीतीने ते धावतच घर गाठीत. 1888 साली ते विलायतेस निघाले, तेव्हा राजकोटच्या शाळेने त्यांना निरोप दिला. आभाराचे चार शब्द त्यांनी लिहून नेले होते. ते वाचतानाही त्यांचे डोके गरगरू लागले व सर्वांग थरथरू लागले. इंग्लंडात व्हेंटनर येथील शाकाहारी लोकांच्या सभेतही तेच झाले. भाषण जेमतेम एक मोठा कागद भरेल एवढे. परंतु उभे राहताच अक्षरे दिसेनाशी झाली व ते दुसऱ्याने वाचून दाखविले. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात त्यांना पहिला खटला मिळाला. साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यास ते उभे राहिले. पण एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि फी परत घेऊन दुसरा वकील पाहावा, असे त्यांनी सांगितले.

असा हा लाजाळू तरुण 1893 साली दक्षिण आफ्रिकेत गेला. पहिल्या वर्गाचे तिकीट जवळ असूनही केवळ वर्णामुळे पीटरमारित्झबर्ग स्थानकावर त्याला गाडीतून उतरविण्यात आले. तेथील हिंदी लोकांना असे अपमान नित्याचेच होते. पुढे प्रिटोरियात गांधीजींनी त्यांची एक सभा बोलाविली. श्रोते बहुतेक व्यापारी होते. व्यवहारात सचोटी कशी पाळावी, हा विषय गांधीजींनी घेतला व त्याची चांगली तयारी केली. परक्या देशात मूठभर हिंदी लोकांच्या वागण्यावरून साऱ्या देशाची पारख होते, म्हणून आपली जबाबदारी अधिक मोठी आहे, असे त्यांनी पटवून दिले. या वेळी जीभ अडखळली नाही. कारण उघड आहे. पूर्वी ‘मी कसा बोलेन’ ही चिंता होती. येथे ‘यांना काय सांगितलेच पाहिजे’ ही तळमळ होती. मन विषयाकडे लागले की भीतीला जागा उरत नाही.

तथापि एका सभेने कोणी वक्ता होत नाही. 1896 साली आफ्रिकेतील हिंदी लोकांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सभा भरली. गांधीजी आयत्या वेळी सुचेल तसे बोलणार होते. परंतु सर फिरोजशहा मेहता यांनी आदल्या दिवशी त्यांना भाषण लिहून छापून घ्यावयास लावले. सभागृह खच्चून भरले होते. गांधीजी वाचू लागले, पण आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचेना. ‘मोठ्याने, आणखी मोठ्याने’ असे मेहता सांगत, तो तो आवाज खालीच जाई. अखेर दिनशा वाच्छा यांनी ते भाषण खणखणीत आवाजात वाचले व सभा हेलावली. सांगण्यासारखे पुष्कळ जवळ असूनही ते श्रोत्याच्या कानी पडले नाही, तर व्यर्थ होय, हा या प्रसंगाचा धडा. तसेच आपला मान जावो, पण गाऱ्हाणे लोकांपर्यंत पोचो, ही निष्ठाही येथे दिसते.

त्याच मुंबईत 8 ऑगस्ट 1942 रोजी गवालिया टँक मैदानावर गांधीजींनी प्रचंड समुदायापुढे हिंदीत व इंग्रजीतही भाषण केले. त्यांच्या बोलण्यात अलंकार नव्हते की आवेशही नव्हता. वाक्ये साधी व शब्द मोजके असत. आपल्या संकोचानेच आपल्याला शब्दांची काटकसर शिकविली, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे.

ज्याला बोलावयास शिकावयाचे आहे, त्याने यातून एवढे घ्यावे : विषय आधी नीट समजून घ्यावा. सारे भाषण घोकण्यापेक्षा त्यातील मुद्दे क्रमाने मनात ठसवावे. घोकलेला एक शब्द निसटला तर पुढचे सारे निसटते. घरी मोठ्याने बोलण्याचा सराव करावा. सभेत शेवटच्या रांगेतील श्रोत्याला उद्देशून सावकाश व स्पष्ट बोलावे. मुद्दा पुरा होताच थांबावे. नेमून दिलेला वेळ श्रोत्यांचा असतो. आणि एखादे वेळी फजिती झालीच, तर पुढच्या सभेस अवश्य उभे राहावे. वाणी सरावाने सुधारते. तिला वजन मात्र बोलणाऱ्याच्या तळमळीने येते.

अभ्यास

1. प्रिटोरियाच्या सभेत गांधीजी न अडखळता का बोलू शकले?
2. मुंबईच्या 1896 सालच्या सभेतून वक्त्याने कोणता बोध घ्यावा?
3. आपल्या गावाच्या एखाद्या अडचणीवर तीन मिनिटे बोलण्यासाठी पाच मुद्दे काढा व वर्गात बोलून दाखवा.