परदेशी पाहुण्यांसाठी घर सज्ज करताना

प्रश्न : सातपूरमधील फ्लॅट परदेशी पाहुण्यांना अल्पकाळ भाड्याने द्यायचा असल्यास कोणत्या सोयी कराव्यात?

उत्तर : सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कामानिमित्त येणारे तंत्रज्ञ आणि त्र्यंबकेश्वरकडे जाणारे प्रवासी यांच्या गरजा भिन्न असल्या, तरी घरातील ज्या गोष्टी यजमानाला सांगण्याजोग्याही वाटत नाहीत, तिथेच परका माणूस अडतो, हे दोघांच्याही बाबतीत खरे ठरते.

स्नानगृहात बादली व मग यांच्या जोडीला शॉवर आणि टॉयलेट पेपर असावा, तसेच गीझरचे बटण बाहेर असेल तर त्यावर चित्रासह चिठ्ठी लावावी. भारतात विजेचा दाब 230 व्होल्ट, तर जपानमध्ये 100 व्होल्ट असल्याने तिकडचा हेअर ड्रायर येथे जळू शकतो. म्हणून पिन जुळवणारा अ‍ॅडॉप्टर दाब कमी करत नाही, हे स्पष्ट लिहावे आणि येथील हेअर ड्रायरच उपलब्ध ठेवावा. पिण्याच्या शुद्ध पाण्याचे भांडे वेगळे दाखवावे. स्वयंपाकघरात मांसाहार चालत नसेल किंवा चपला दाराशी काढायच्या असतील, तर ते आरक्षणापूर्वीच कळवावे, कारण आगमनानंतर सांगितलेला नियम पाहुण्याला अपमानासारखा वाटतो.

परदेशी नागरिकाच्या मुक्कामाची माहिती आगमनापासून 24 तासांच्या आत विहित नमुन्यात ऑनलाइन कळवणे यजमानावर कायद्याने बंधनकारक असून, पासपोर्ट व व्हिसा का मागितला जातो, हे पाहुण्याला आधीच सांगणे हाही आदरातिथ्याचाच भाग होय.