दाढीचे मशीन आणि स्पिरिटची बाटली : काटकसर कुठे करावी, कुठे करू नये

विजेवर चालणारे दाढीचे मशीन ही एकेकाळी परदेशातून येणाऱ्या पाहुण्याने आणायची वस्तू होती. अमेरिकेतील लष्करी अधिकारी जेकब शिक यांनी १९३१ साली असे मशीन बाजारात आणले. आज जालना शहरातच नव्हे, तर भोकरदन, परतूर, अंबडच्या बाजारपेठेतही शेव्हर आणि ट्रिमर सहज मिळतात. घरोघरी ते आले आणि सलूनमध्ये कैचीच्या बरोबरीने 'झिरो मशीन' चालू लागले. मशीन एकदा घेतले की खर्च संपला असे मात्र होत नाही. ते साफ ठेवायला ब्रश, स्पिरिट, तेल, साबण लागते. स्पिरिटची बाटली पाहता पाहता संपते. मग कोणी त्यात पाणी घालतो, कोणी तेच स्पिरिट आठवडाभर वापरतो, तर कोणी साफ करणेच सोडून देतो. यांपैकी कोणती काटकसर चालते आणि कोणती आजाराला आमंत्रण देते, हे आज पाहू.

पहिला प्रश्न : मशीन एकाचे की अनेकांचे?

साहित्य किती लागेल, हे या एका प्रश्नावर ठरते. मशीन एकच माणूस वापरत असेल तर त्यावरचे जंतू त्याच्याच त्वचेवरचे असतात. तेथे मुख्य काम मळ काढण्याचे. केस, त्वचेच्या खपल्या आणि तेलकटपणा निघाला की बहुतेक काम झाले. स्पिरिट आठवड्यातून एकदा पुरे.

तेच मशीन दोन माणसांच्या चेहऱ्यावर फिरले की हिशेब बदलतो. आता एकाचे जंतू दुसऱ्याकडे जाऊ नयेत म्हणून प्रत्येक वेळी निर्जंतुकीकरण हवे. सलूनला हे लागू आहेच. पण दोन भाऊ एकच ट्रिमर वापरतात, वसतिगृहातील एका खोलीत चौघांत एक मशीन असते, तेथेही हाच नियम आहे. म्हणून घरातली सर्वांत मोठी बचत अशी, की ज्याचे मशीन त्याने वापरावे. मशीन एकच घ्यायचे असेल तर निदान सुटे होणारे पाते प्रत्येकाचे वेगळे ठेवावे.

धोका कशाचा?

दाढीच्या मशीनने कातडीला बारीक ओरखडे पडतात. रक्त दिसलेच पाहिजे असे नाही. अशा ओरखड्यांतून पुवाच्या पुळ्या येतात. नायटा म्हणजे गजकर्णही पसरतो. गेल्या काही वर्षांत भारतात हट्टी, औषधाला लवकर दाद न देणाऱ्या गजकर्णाचे रुग्ण पुष्कळ वाढले आहेत. या बुरशीचे बीजाणू गळालेल्या केसांत आणि खपल्यांत महिनोन्महिने जिवंत राहू शकतात. अशा मशीनवर नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही. केस आणि खपल्या आधी झाडून काढाव्याच लागतात.

दुसरा धोका रक्तावाटे पसरणाऱ्या आजारांचा. भारतात एड्सच्या विषाणूची लागण १९८६ साली प्रथम आढळली आणि १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात झालेल्या प्रचारामुळे सलूनमधला जुना वस्तरा मागे पडून दर गिऱ्हाइकाला नवे पाते लावण्याची पद्धत रूढ झाली. हा फार चांगला बदल होता. पण एड्सचा विषाणू शरीराबाहेर लवकर दुबळा होतो. कावीळ 'ब' चा विषाणू तसा नाही. वाळलेल्या रक्ताच्या डागात तो निदान ७ दिवस टिकून राहतो, आणि तो डाग डोळ्यांना दिसेलच असे नाही. ही लागण वर्षानुवर्षे काहीच त्रास न देता राहू शकते आणि पुढे यकृत खराब करते. वस्तऱ्याचे पाते बदलले, पण मानेवर आणि कानामागे फिरणारे मशीन तेच राहिले, तर काळजी अर्धीच घेतली असे म्हणावे लागेल.

आधी मळ, मग औषध

स्पिरिट लवकर संपण्याचे मोठे कारण म्हणजे मळलेले मशीन थेट त्यात बुडवणे. केस, फेस आणि तेल यांमुळे स्पिरिट गढूळ होते आणि जंतूंपर्यंत नीट पोहोचतही नाही. म्हणून क्रम असा ठेवा.

१. मशीन बंद करून चार्जरची वायर काढा. डोके उघडून केस हलकेच आपटून पाडा. ब्रशने पाती झाडा. शेव्हरच्या पातळ जाळीवर मात्र ब्रश घासू नका, ती फाटते.

२. मशीन पाण्याने धुण्याजोगे असेल तरच धुवा. तसे चिन्ह मशीनवर किंवा माहितीपत्रकात असते. हात धुण्याच्या साबणाचा एक थेंब आणि अर्धा पेला पाणी पुरते. नळ सोडून ठेवण्याची गरज नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या जालनेकरांनी एकेक हंडा जपला, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

३. साबण पूर्ण काढून मशीन कोरडे होऊ द्या. ओल्या पात्यावर स्पिरिट टाकले की ते तेथेच पातळ होते आणि वाया जाते.

४. मग स्पिरिट. घरच्या मशीनला वाटीभर स्पिरिट लागत नाही. फवाऱ्याच्या छोट्या बाटलीतून किंवा ड्रॉपरने ५ मिली पुरते. १०० मिलीच्या बाटलीत वाटीत बुडवण्याचे ५० मिलीचे दोनच हप्ते होतात. ५ मिलीप्रमाणे २० वेळा होते. आठवड्यातून एकदा वापरले तर तीच बाटली साडेचार महिने पुरते.

५. स्पिरिट उडून गेल्यावर पात्यावर तेलाचा एक थेंब. स्पिरिटने तेल निघून जाते आणि कोरडी पाती लवकर झिजतात. शिलाई मशीनचे हलके तेल चालते. खोबरेल वापरू नये. थंडीत ते गोठते, एरवी चिकट होऊन केस धरून ठेवते.

स्पिरिटमध्ये पाणी घालावे का?

याचे उत्तर बाटलीवर लिहिलेले असते. जंतू मारायला सुमारे ७० टक्के तीव्रतेचा अल्कोहोल सर्वांत चांगला. थोडे पाणी असल्यामुळे तो जंतूच्या आत शिरतो आणि लगेच उडून जात नाही. बाटलीवर ९५ टक्के लिहिले असेल तर ३ भाग स्पिरिटमध्ये १ भाग उकळून थंड केलेले पाणी घालावे. तीव्रता जवळपास ७० टक्के होते आणि बाटलीही वाढते. येथे काटकसर आणि शास्त्र दोन्ही एकाच बाजूला आहेत. पण बाटलीवर ७० टक्के लिहिले असेल तर पाण्याचा थेंबही घालू नये. तीव्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की गुण झपाट्याने कमी होतो. वास येत राहतो, पण जंतू मरत नाहीत.

झाकण उघडे राहिले तरी तेच होते. अल्कोहोल पाण्याच्या आधी उडतो. जालन्याच्या एप्रिल-मे महिन्यांत तर फारच लवकर. दिवसभर उघड्या वाटीत राहिलेले स्पिरिट कमी झालेलेच नव्हे, तर दुबळेही झालेले असते. वरून थोडे नवे ओतून ते पूर्ववत होत नाही. म्हणून बाटली घट्ट बंद, सावलीत, आणि गॅस, निरांजन, उदबत्ती यांपासून लांब ठेवावी. स्पिरिट लगेच पेट घेते. लावल्यावर ते पूर्ण उडून जाईपर्यंत मशीन सुरू करू नये आणि चार्जिंगलाही लावू नये. रंगाच्या दुकानातले थिनर, रॉकेल किंवा पेट्रोल हा स्वस्त पर्याय नाही. त्वचा भाजते, प्लास्टिक खराब होते आणि आग लागू शकते.

काही महाग शेव्हरसोबत साफ करणारा स्टँड आणि द्रवाची डबी येते. त्या द्रवात सहसा अल्कोहोल आणि थोडे वंगण असते. डबी जास्त दिवस पुरवायची असेल तर केस आधी झाडून घ्या, रोजच्या ऐवजी आठवड्यातून एकदा-दोनदा स्टँड वापरा आणि गावाला जाताना डबी काढून झाकण लावून ठेवा. रिकाम्या डबीत घरचे स्पिरिट भरू नये. स्टँडला वीज जोडलेली असते, म्हणून तो धोका पत्करू नये.

सॅव्हलॉन, टीसीएल आणि बोअरचे पाणी

अनेकजण स्पिरिटऐवजी सॅव्हलॉनचे पाणी वापरतात. ते त्वचेसाठी ठीक आहे, पण कावीळ 'ब' च्या विषाणूबाबत त्यावर विसंबून राहू नये. शिवाय ते साबणाबरोबर एकत्र आले की त्याचा गुण जातो, म्हणून साबण पूर्ण धुतल्याशिवाय ते वापरणे म्हणजे पैसे मोरीत ओतणे. जड पाण्यातही त्याचा जोर कमी होतो. त्यात कापसाचे बोळे भिजवून ठेवण्याची पद्धतही चुकीची आहे. कापूस औषध शोषून घेतो आणि उरलेल्या दुबळ्या पाण्यात काही जंतू चक्क वाढतात. पाणी रोज ताजे करावे आणि बोळा आयत्या वेळी बुडवावा.

ग्रामपंचायतीत पाणी शुद्ध करायला वापरतात ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, स्वस्त आणि प्रभावी आहे. १ लिटर पाण्यात १५ ते २० ग्रॅम ताजी पावडर घातली की सुमारे अर्धा टक्का क्लोरिनचे पाणी तयार होते. प्लास्टिकचे कंगवे त्यात १० मिनिटे ठेवावेत. रक्त सांडलेली फरशी किंवा टेबल याच पाण्याने पुसावे. ट्रिमरच्या पात्याला ते नको, लोखंड गंजते. हे पाणी रोज नवे करावे आणि पावडरीचा डबा घट्ट बंद ठेवावा.

आपल्याकडे पुष्कळ गावांत बोअरचे पाणी जड असते. हंड्याला बसतो तसा पांढरा थर पात्यावरही बसतो आणि त्यात मळ अडकतो. धुण्यासाठी उकळून गाळलेले किंवा जारचे अर्धा पेला पाणी वापरले तर थर कमी बसतो. बसलाच तर सुटे पाते पेलाभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून १० मिनिटे ठेवावे, मग धुऊन वाळवून तेल द्यावे. लिंबूसत्व आणि टीसीएल मात्र कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

नाभिक बंधूंसाठी

पूर्वी धोपटीत वस्तरा, कैची आणि तुरटी असे. आता दुकानात मशीन आले, त्यामुळे कामाची पद्धतही थोडी बदलावी लागेल. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीनंतर २८ जूनला राज्यात केशकर्तनालये उघडली, तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकानंतर साहित्य निर्जंतुक करण्याची अट होती. ती सवय कोरोनापुरती नव्हती.

मशीनची सुटी पाती दोन-तीन ठेवा. एक कामात असताना दुसरे झाडून, धुऊन, कोरडे करून ७० टक्के स्पिरिटमध्ये १० मिनिटे बुडलेले असू द्या. पाती बुडतील एवढीच अरुंद, झाकणाची बरणी घ्या. रुंद वाटीपेक्षा निम्म्याहून कमी स्पिरिट लागते आणि ते उडतही नाही. पाती आधी धुतलेली असतील तर हे स्पिरिट दिवसभर चालते. संध्याकाळी मात्र ते टाकून द्यावे. कापडातून गाळल्याने केस निघतात, गेलेली तीव्रता परत येत नाही.

तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या गालावर फिरवू नका. तुरटीने रक्त थांबते, जंतू मरतीलच असे नाही. तुरटीचे पाणी बाटलीत करून नव्या बोळ्याने लावा. आठवडी बाजारात झाडाखाली बसणाऱ्यालाही हे जमण्यासारखे आहे. त्याला लागते ते एवढेच : झाकणाच्या दोन बरण्या, एक ब्रश आणि जास्तीची दोन पाती.

वाचकांसाठी

सलूनमध्ये बसण्यापूर्वी 'दादा, मशीनचे पाते साफ केले का?' असे विचारण्यात अपमान नाही. दाढीवर गोल, खाजणारा चट्टा किंवा पुवाच्या पुळ्या असतील तर दाढी करणे थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. दुकानातून परस्पर घेतलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमाने गजकर्ण दबल्यासारखे वाटते आणि मग जास्त पसरते. कावीळ 'ब' ची लस घेतली नसेल तर मोठ्या माणसांनाही ती घेता येते. सहसा तीन डोस असतात : पहिला, त्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. नाभिक बंधूंनी तर ती अवश्य घ्यावी, कारण रक्ताशी संबंध त्यांचा रोजचा आहे.

थोडक्यात, बचत पाण्यात करा, बरणीच्या आकारात करा, झाकण लावून करा, आधी ब्रश मारून करा. औषधाची तीव्रता आणि ते ठेवण्याची वेळ या दोन गोष्टींत कपात करू नका. पाणी घालून वाढवलेल्या स्पिरिटमागे वाचतात ते दहा-वीस रुपये. गजकर्णाच्या एका दुखण्यात त्याच्या कितीतरी पट खर्च होतो आणि महिनेही जातात.