थांबलेले यंत्र आणि निर्धोक यंत्र



सुगी आली की मळणी यंत्र, कडबाकुट्टी, पंप आणि ट्रॅक्टर यांना दिवसरात्र उसंत नसते. यंत्र कसे चालवावे हे आपणांस ठाऊक आहे. म्हणून आज आम्ही यंत्र बंद करून त्यात हात घालण्याच्या वेळेविषयी लिहीत आहोत. अडकलेला पेंढा काढणे, पात्यांना धार लावणे, पट्टा चढवणे, पंपाची गळती पाहणे ही कामे किरकोळ वाटतात; पण बोटे आणि हात जातात ते पुष्कळदा अशाच वेळी. नवख्या माणसाच्या मनात यंत्राची भीती असते. रोजच्या माणसाची भीती मोडलेली असते, म्हणून त्यानेच अधिक जपावे.

आजच्या धड्याचे सार एका वाक्यात असे : थांबलेले यंत्र निर्धोक असतेच असे नाही. त्याला पुन्हा हलवणारी शक्ती कोठेतरी शिल्लक असते. ती शोधावी, तोडावी, अडवावी आणि मगच हात घालावा.

शक्ती कोठे दडलेली असते?

१. विजेत. तीन फेज वीज ठराविक तासच येते, तीही कधी मध्यरात्री. म्हणून पुष्कळांनी स्टार्टरला ‘ऑटो’ बसवून घेतला आहे. वीज आली की मोटर आपोआप सुरू होते. सोय मोठी, पण धोकाही तेवढाच मोठा. वीज गेली आहे असे पाहून माणूस पंपाजवळ बसतो, कपलिंगला हात लावतो आणि नेमकी त्याच क्षणी वीज येते. वीज जाणे म्हणजे वीज तोडणे नव्हे. स्टार्टरचे लाल बटण दाबणे म्हणजेही वीज तोडणे नव्हे; पेटीत येणाऱ्या तारा तशाच जिवंत असतात. एक फेज गेली तरी उरलेल्या दोन फेजांत जीव घेण्याइतकी वीज असते.

२. फिरत्या जड चाकात. कडबाकुट्टीची मोटर बंद केली तरी तिचे चाक बराच वेळ फिरत राहते, आणि पाती त्या चाकालाच असतात. चाक पूर्ण थांबल्यावरही जड बाजू वर राहिली असेल, तर नुसत्या धक्क्याने ती खाली येते. धार लावणाऱ्याचे बोट तेथेच असते.

३. उचललेल्या वजनात. ट्रॅक्टरची उचललेली ट्रॉली किंवा रोटावेटर केवळ तेलाच्या दाबावर उभा असतो. नळी फुटली किंवा कोणी दांडा हलवला, तर तो खाली येण्यास क्षण पुरतो.

४. दाबात. विहिरीपासून वर चढवलेल्या पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे सुमारे १ किलो दर चौरस सेंटिमीटर इतका दाब असतो. वॉल्व्ह नीट बसत नसेल तर हे पाणी मागे येऊन पंप उलटा फिरवते. ट्रॅक्टरच्या तेलाचा दाब याच्या कितीतरी पट असतो. तेलाची बारीक गळती बोटाने कधीही चाचपू नये; पुठ्ठा धरून पाहावी. ते तेल कातडीतून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी त्याच दिवशी, त्याच तासाला इस्पितळ गाठावे.

हात घालण्यापूर्वीच्या पाच पायऱ्या

पहिली : सांगा. घरातील आणि शेतातील सर्वांना “मी यंत्रात हात घालतो आहे” असे मोठ्याने सांगावे. मुलांना दूर पाठवावे.

दुसरी : तोडा. आधी स्टार्टर बंद करावा, मग मेन स्विच खाली ओढावा आणि मग तिन्ही फ्यूज, म्हणजे आपले किटकॅट, काढून घ्यावेत. एकच काढून भागत नाही. ट्रॅक्टर असेल तर पीटीओ सोडवावा, इंजिन बंद करावे, हातब्रेक लावावा आणि चावी काढून घ्यावी. पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. धोतराचे टोक किंवा पदर त्यात सापडला तर ओरडण्यासही वेळ मिळत नाही.

तिसरी : कुलूप लावा. मेन स्विचच्या पेटीला कडी नसेल तर गावच्या वेल्डरकडून बसवून घ्यावी. जो हात घालणार त्यानेच कुलूप लावावे आणि किल्ली व किटकॅट आपल्याच खिशात ठेवावेत. दोघे काम करीत असतील तर साखळी घालून दोघांची दोन कुलुपे लावावीत. पाटी लावली तरी चालेल, पण केवळ पाटीवर विसंबू नये. आपल्या बेळगाव-खानापूर भागात एक मजूर मराठी वाचतो, दुसरा कन्नड, तिसऱ्याला अक्षरओळख नसते. कुलूप मात्र सर्वांना समजते.

चौथी : उरलेली शक्ती काढा. चाक स्वतःहून थांबू द्यावे आणि त्यात लाकडी ठोकळा अडकवावा. काम लांबणार असेल तर पट्टाच उतरवावा. रोटावेटर जमिनीवर टेकवावा. ट्रॉली वर ठेवूनच काम करणे भाग असेल तर भक्कम टेकू द्यावा. दगडांची चळत हा टेकू नव्हे. पाइपातील पाणी सोडून द्यावे. सिंगल फेज मोटरच्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. ते काम वायरमनकडे सोपवावे.

पाचवी : खात्री करा. टेस्टर आधी जिवंत तारेवर लावून तो चालतो हे पाहावे, मग मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही तारांवर लावावा. नंतर कोणी जवळ नाही हे पाहून स्टार्टरचे हिरवे बटण दाबावे. यंत्र हलले नाही तर लाल बटण दाबून कामास लागावे.

या सर्वांस दहा मिनिटे लागतात. शहाणा लाइनमन लाइन क्लिअर मिळाल्यावाचून खांबावर चढत नाही. आपण आपल्या यंत्राची ‘लाइन क्लिअर’ आपणच घ्यावयाची आहे. डीपीवर मात्र आपण कधीही चढू नये. ते काम लाइनमनचेच.

मालकाची जबाबदारी

आपल्या संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. त्यात शक्तीवर चालणाऱ्या मळणी यंत्राचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्यावर काम करताना मजुरास इजा किंवा मृत्यू आल्यास भरपाईची तरतूद आहे. अमेरिकेत कारखान्यांसाठी कुलूप लावण्याचा सक्त नियम १९८९ साली झाला. पण शेतीला तो लागू केला नाही. म्हणून शेतातील पाते बोथट असते असे नव्हे. शेतावर तपासणीस कोणी येत नाही. तेथे मालकच तपासनीस असतो. “लवकर कर, बंद कशाला करतोस?” हे शब्द मालकाच्या तोंडून निघाले, तर मजूर चालत्या यंत्रात हात घालील. त्याच्या हातावर त्याचे घर चालते, हे आपण विसरू नये.

अपघात झालाच तर

प्रथम वीज तोडावी; विजेला चिकटलेल्या माणसाला वीज तोडण्यापूर्वी हात लावू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरावे. हळद, कॉफीची पूड किंवा डिझेल लावू नये. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. १०८ वर फोन करून रुग्णासोबतच ते पाठवावे.

घरी विचार करण्यासाठी

१. आपल्या पंपाला ‘ऑटो’ आहे काय? दुरुस्तीच्या वेळी तो कोण बंद करतो?
२. मेन स्विचच्या पेटीला कुलूप लावता येते काय?
३. कडबाकुट्टीचे बटण घरातील लहान मुलाच्या हाताला पोहोचते काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर ते बटण उद्याच्या उद्या वर घ्यावे. बाकीचे या आठवड्यात करावे.