आघातग्रस्त बालकांसाठी समाजकार्य : भंडारदरा परिसरातील विद्यार्थ्यांपुढील एक व्यवसाय

अत्याचार सोसलेल्या बालकाला वैद्यकीय, कायदेशीर आणि मानसिक अशी तिन्ही प्रकारची मदत एकाच वेळी लागते, आणि ती मिळेपर्यंत त्याच्या पाठीशी उभी राहणारी प्रशिक्षित व्यक्ती म्हणजे बालसंरक्षण क्षेत्रातील समाजकार्यकर्ता होय. मानसिक आघात म्हणजे घटना संपल्यावरही झोप, भूक, अभ्यास आणि माणसांवरील विश्वास यांवर परिणाम करत राहणारा भीतीचा व असहायतेचा अनुभव. त्यामुळे एकाएकी अबोल झालेले किंवा सतत चिडणारे मूल नेमके काय सोसत आहे, हे ओळखणे हे या व्यवसायातील पहिले कौशल्य ठरते.

या कामाला कायद्याचे भक्कम अधिष्ठान आहे. १८ वर्षांखालील बालकांसाठी २०१२ मध्ये झालेल्या पोक्सो कायद्यानुसार लैंगिक अपराधाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक असून, पोलिसांनी २४ तासांच्या आत ती बाल कल्याण समितीला, म्हणजे अध्यक्ष व चार सदस्यांच्या जिल्हास्तरीय वैधानिक समितीला, कळवावी लागते. २०२० च्या नियमांनुसार ही समिती तपास व खटल्याच्या काळात बालकाला आधार देणारी ‘साहाय्यक व्यक्ती’ नेमू शकते. तीच घटना बालकाला पुनःपुन्हा सांगावी लागू नये आणि त्याची ओळख उघड होऊ नये, याची दक्षता समाजकार्यकर्त्याला घ्यावी लागते.

भंडारदरा ज्या अकोले तालुक्यात येते, तेथे महादेव कोळी व ठाकर समाजांची वस्ती मोठी असून राजूर येथे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. मजुरीसाठी पालकांना गाव सोडावे लागते, अनेक मुले आश्रमशाळेत राहून शिकतात आणि जिल्ह्याचे ठिकाण दूर पडते. अशा स्थितीत वाड्यापाड्यांची बोली व रीत जाणणारा स्थानिक पदवीधर कुटुंबाचा विश्वास लवकर मिळवू शकतो.

बारावीनंतर समाजकार्याची पदवी (बी.एस.डब्ल्यू.) आणि कोणत्याही पदवीनंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी (एम.एस.डब्ल्यू.) घेता येते. अहिल्यानगरची सीएसआरडी, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, मुंबईतील निर्मला निकेतन आणि १९३६ मध्ये स्थापन झालेली टाटा समाजविज्ञान संस्था येथे हे शिक्षण मिळते. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन १९९६ मध्ये टाटा संस्थेचा क्षेत्रप्रकल्प म्हणूनच सुरू झाली. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालगृहे आणि अहिल्यानगरमध्ये १९८९ पासून कार्यरत असलेल्या स्नेहालयासारख्या संस्था ही या पदवीधरांची कार्यक्षेत्रे आहेत.

पालकांची चिंता अनाठायी नाही, कारण शासकीय यंत्रणेतील बरीच पदे कंत्राटी असतात, सुरुवातीचे मानधन माफक असते, आणि इतरांच्या वेदना सतत ऐकल्याने कार्यकर्त्यालाही ‘दुय्यम आघात’ जाणवू शकतो. म्हणून अनुभवी वरिष्ठांचे नियमित मार्गदर्शन जेथे मिळते, अशीच संस्था निवडावी. पाल्याला मुलांची आवड आहे एवढ्यावर निर्णय न घेता, शांतपणे ऐकणे, अचूक नोंद ठेवणे आणि चिकाटीने पाठपुरावा करणे त्याला जमते का, हे पालकांनी पाहावे. ज्याला हे जमते, त्याला या वाटेवरून परत फिरवू नये. अकोल्यासारख्या तालुक्यांना त्याची गरज आहे.